गोवराच्या गाण्याला तिसरा गळा

अमेरिकेहून परत आलेल्या बाईला मिरजेत तीन प्रश्न विचारतात. नायगारा पाहिलात का? तिकडे धुण्याभांड्याला बाई मिळते का? आणि जावयांचं घर केवढं आहे? नायगारा मी पाहिला नाही. धुण्याभांड्याची बाई मिळते, साडेपाच महिने ती मीच होते. घर एवढं मोठं आहे की मुलगी वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावरच्या नवऱ्याला जेवायला फोन करून बोलावते. ही उत्तरं देऊन देऊन माझं तोंड दुखलं. खरं सांगण्यासारखं जे घडलं ते मात्र कुणी विचारलंच नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले.

घडलं ते दोन हजार पाच सालच्या सप्टेंबरात, तिकडच्या लाँग वीकेंडला. जॉर्जियन बायकांच्या गाडीतून मी विस्कॉन्सिन राज्यातल्या एका तळ्याकाठच्या गावी गेले आणि तीन दिवसांनी परत आले. नकाशात पाहिलं तर वीतभरसुद्धा अंतर नाही. पण त्या तीन दिवसांत मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी चारचौघांत गायला लावलं गेलं. ज्यांना माझा आवाज ठाऊक आहे त्यांनी इथे थोडं थांबून पाणी प्यावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होते. त्यातली निदान वीस वर्षं लोक मला फोनवर "भाऊ, जरा पुण्याची ट्रंक लावा की" असंच म्हणाले. माझा गळा काळी एकच्या वर चढत नाही, आणि आमच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळाची पेटी काळी चारच्या खाली उतरत नाही. मंडळात गेले त्या पहिल्याच गुरुवारी अध्यक्षीणबाई गोड हसून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही टाळ घ्या. तुमच्या हातात टाळ शोभतो." त्यानंतर बावीस वर्षं मी टाळ वाजवला. अभंग म्हणताना ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. वाईट वाटायचं. वाटलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल.

शुक्रवार, नेपरव्हिल

माझी मुलगी मृणाल आणि जावई निखिल दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल म्हणून गाव आहे, तिथे राहतात. नात ईरा अकरा वर्षांची. ती जॉर्जियन नाच शिकते हे मला विमानतळावरून घरी जाताना कळलं.

"भरतनाट्यमचं काय झालं?" मी विचारलं.

"आई, तो क्लास पन्नास मिनिटांवर होता, आणि टीचर फार स्ट्रिक्ट होत्या यार. हा आमच्या मागच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये आहे. पार्किंग पण मिळतं."

म्हणजे आपल्या पोरीनं कोणती कला शिकावी हे तिकडे गाडी कुठे लावायची यावर ठरतं. जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं राज्य नव्हे बरं का. रशियाच्या खाली, काळ्या समुद्राच्या काठाला त्या नावाचा एक चिमुकला देश आहे. तिथली लिया नावाची चाळिशीची बाई हा क्लास घ्यायची. दिवसभर ती एका दुकानात बायकांची नखं रंगवायची आणि संध्याकाळी पोरींना नाच शिकवायची.

नाच कसला, सरकणं! पायघोळ झगा, त्याखाली पावलं दिसता कामा नयेत, आणि खांदे जराही वरखाली व्हायला नकोत. लिया पोरींच्या गुडघ्यांमध्ये वहीचा कागद अडकवायची आणि पडला की पुन्हा पहिल्यापासून चालायला लावायची. आपल्याकडे गौरी पाटावरून हळूच सरकवतात ना, तशा त्या दहा-बारा पोरी जमिनीवरून सरकत जायच्या. आमची ईरा घरात जिना उतरते तेव्हा खालच्या दिवाणखान्यातलं झुंबर हलतं. तीच पोर तिथे वाऱ्यासारखी जाताना पाहिली आणि मी भरतनाट्यमबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

तर या क्लासला विस्कॉन्सिनमधल्या कुठल्याशा लोकनृत्यांच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं. मृणालनं जायचं ठरलं होतं. शुक्रवारी दुपारी ती लॅपटॉप काखेत धरून स्वयंपाकघरात आली, तेव्हाच मी ओळखलं.

"आई, माझं रिलीज मंडेवर आलंय. ईराबरोबर तू जा ना, प्लीज. तुला काही करायचं नाहीये, फक्त बसायचं."

बसण्यात माझा हात कोण धरणार! दशम्या केल्या आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेल्या तिखटाची लसणीची चटणी कुटली. वाटेत पोरांना काहीबाही खायला मिळेल, पण माझ्यासारख्या शाकाहारी बाईचं काय? प्रवासाला निघताना माणसानं परक्याच्या डब्यावर भिस्त ठेवू नये असं माझं मत होतं.

शनिवार, वाटेत

लियाच्या जुन्या व्हॅनमध्ये आम्ही सात जणी होतो. चार पोरी, लिया, मी, आणि पुढच्या सीटवर लियाची सासू नानुली. वय चौऱ्याहत्तर, काळे कपडे, काळा रुमाल, आणि चेहरा असा की मी आपोआप पदर सारखा केला. नानुलीला इंग्रजी येत नव्हतं. लियाचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच इयत्तेतलं, त्यामुळे आमचं दोघींचं छान जमायचं. नानुलीचं म्हणणं लिया मला सांगायची आणि माझं तिला.

निघाल्यावर अर्ध्या तासात नानुलीनं मागे वळून माझ्या हातात एक तपकिरी, खडबडीत मेणबत्ती ठेवली. त्यांचा देवधर्म कडक असतो असं ऐकलं होतं. मी ती कपाळाला लावून पर्समध्ये ठेवली. तासाभरानं नानुलीनं स्वतःची मेणबत्ती काढली आणि कचकन चावली. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवतात, तो खाऊ होता! ईरा मला हसली, मग लिया हसली, मग लियानं नानुलीला सांगितलं. नानुली मात्र हसली नाही. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

विस्कॉन्सिनच्या हद्दीपाशी पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा लियाचा फोन वाजला. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. मेळाव्यात पोरींच्या नाचाबरोबर तीन बायकांचं एक गाणं होतं. वरचा आवाज नानुलीचा, मधला लियाचा, आणि खालचा मनाना नावाच्या बाईचा. ही मनाना एका अमेरिकन म्हातारीच्या घरी राहून तिला सांभाळते. ती म्हातारी सकाळी न्हाणीघरात पडली होती. मनाना हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसली होती, येऊ शकत नव्हती.

"मग तुम्ही दोघी म्हणा," मी म्हटलं. आमच्या मंडळात बाराच्या जागी पाच जणी आल्या तरी भजन होतं.

लियानं ते नानुलीला सांगितलं. "आरा!" नानुली म्हणाली. त्यांच्याकडे 'आरा' म्हणजे नाही.

लियानं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे गाणं तीन गळ्यांचं असतं. तिघं तीन वेगळे सूर एकाच वेळी म्हणतात, आणि ते मिळून एक गाणं होतं. खालच्या गळ्याला बानी म्हणतात. बानी म्हणजे जणू घराची जमीन. जमीन नसेल तर वरचे दोघं उभे कशावर राहणार? दोघांनी गायलं तर ते गाणं नव्हे, भांडण. टेपवर लावायचं म्हटलं तर नानुली गाडीतून उतरून चालत परत जायला तयार. आणि गाणं नाही तर पोरींचा तो नाचही नाही, कारण नाच त्या गाण्यावरच बसवलेला. ईरा त्यात सगळ्यांत पुढे होती. तिचे डोळे भरून आले.

मागच्या दोन गाड्यांतून इतर मुलींच्या आया येत होत्या. लियानं पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये एकेकीला उभं करून आवाज काढायला लावला. एक पोलिश बाई होती, दोन गुजराती, एक आपली नागपूरची. सगळ्यांचे गळे कसे पातळ, गोड. नानुली प्रत्येकीला "आरा" म्हणत गेली. मला कुणी विचारलं नाही. मी टाळवाली, मला सवय होती.

तेवढ्यात ईरा रडत रडत, जॅकेट न घालता, गार वाऱ्यात पंपाच्या पलीकडे निघाली. मी हाक मारली, "ईरा! आधी जॅकेट घाल!"

पंपावरचे दोघेतिघे पुरुष दचकून वळले. ईरा म्हणाली, "आजी, यू आर सो लाउड!" आणि नानुली सरळ माझ्याकडे चालत आली. तिनं माझ्या गळ्याखाली दोन बोटं ठेवली, म्हैस विकत घेताना ठेवतात तशी, आणि आपल्या तोंडानं एक खालचा 'ओ' काढून दाखवला. म्हण, अशी खूण केली.

मी इकडेतिकडे पाहिलं. मिरज आठ हजार मैलांवर होती. म्हटलं.

नानुलीनं माझे दोन्ही गाल धरून चरचरीत मुका घेतला.

पुढचा दीड तास गाडीत तालीम झाली. मला वाटलं, यात काय आहे? आमच्या गल्लीत तंबोरे बनतात. दारोदार भोपळे वाळत असतात, दिवसभर जवारी लावण्याची झणझण कानावर असते. षड्ज धरून बसायचं हे मला पाळण्यातच शिकवलंय. वर त्या दोघींचे सूर एकमेकांना असे घासून जायचे की अंगावर काटा यावा. आपल्याकडे पेटीवाल्याची बोटं अशी पडली असती तर बुवांनी त्याला बाहेर काढला असता. पण मी आपली घट्ट बसले होते षड्जावर. एके ठिकाणी नानुलीनं मागे वळून माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"इथे खाली," लिया म्हणाली. "बानी इथे एक पायरी खाली जाते, मग परत येते."

"खाली? षड्ज?" मी विचारलं. "षड्ज हलत नसतो."

"इथे हलतो."

"अहो, बाकी सगळे सूर हलतात. षड्ज आणि पंचम अचल. अचल म्हणजे हलतच नाही!"

लियानं नानुलीला सांगितलं. नानुलीनं मोठं काहीतरी उत्तर दिलं. लिया भाषांतर करायला संकोचली. "ती म्हणते, तुमच्याकडे नसेल हलत. तुम्ही आता आमच्या गाडीत आहात."

पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथे मी जागची हलले नाही. मुद्दाम नव्हे हो, गळाच तयार होईना. बासष्ट वर्षं कानात बसलेला सूर पाऊल उचलायला तयार नव्हता. तिसऱ्या वेळी मनही तयार नव्हतं हे कबूल करते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडून गाणं मागितलं, आणि मी तिथे शास्त्र काढून बसले. असा आमचा स्वभाव.

शनिवार संध्याकाळ, गिवीचं घर

मुक्काम लियाच्या मावसभावाकडे, गिवीकडे होता. गिवी ट्रक चालवतो आणि दारातून आत येताना थोडा वाकतो. त्याची पाच वर्षांची लेक त्याला "मामा, मामा" म्हणत बिलगली. मला वाटलं आई कुठे गेली बिचारीची, मामाकडे ठेवलंय पोरीला. तर त्यांच्याकडे बापालाच मामा म्हणतात!

परक्याच्या डब्याबद्दलचं माझं मत मला त्या टेबलावर गिळावं लागलं. चीज भरलेली गरम गरम पोळी, अक्रोडाच्या वाटणात गुंडाळलेली वांगी, आपल्या राजम्यासारखी घेवड्याची उसळ आणि वर मूठभर कोथिंबीर. हो, कोथिंबीर! आणि कशातून तरी चक्क मेथीचा वास येत होता. एका वाटीत लाल ठेचा होता. मी माझी लसणीची चटणी काढून शेजारी ठेवली. गिवीनं दोन्ही चाखले, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्या चटणीला उभं राहून सलाम केला.

पण जेवू देतील तर शपथ! त्यांच्याकडे पंगतीचा एक मुख्य असतो, तो पेला उचलून भाषण करतो आणि मगच सगळ्यांनी प्यायचं. आधी देवाला, मग देशाला, मग आईवडिलांना, मग मेलेल्यांना, मग न जन्मलेल्यांना. आपल्याकडे सत्काराची भाषणं लांबतात, पण निदान ताट वाढायच्या आधी उरकतात. इथे गिवी डोळ्यांत पाणी आणून त्याच्या गावच्या नदीबद्दल बोलत होता आणि माझी पोळी गार होत होती. मी द्राक्षाचा रस घेऊन दर वेळी "गाऊमार्जोस", म्हणजे त्यांचं चिअर्स, म्हणत होते. आठव्या पेल्यानंतर मलाही ती नदी आठवायला लागली.

मी लियाला हळूच म्हटलं, "हा गिवी एवढा घुमतोय, त्यालाच द्या ना बानी."

लियानं जीभ चावली. हे गाणं पुरुष म्हणत नाहीत. हे गोवराचं गाणं.

"कशाचं?"

मग तिनं सांगितलं. त्यांच्याकडे पोराला गोवर, कांजिण्या, पूर्वी देवी आल्या, की त्याला आजार म्हणायचं नाही. थोर पाहुणे आलेत, पोराच्या अंगात उतरलेत असं म्हणायचं. घरात मोठ्यानं बोलायचं नाही, मारायचं-कापायचं नाही, फुलं ठेवायची, लाल कापड लावायचं. आणि बायकांनी उशाशी बसून त्या पाहुण्यांना गाणं म्हणायचं, तुम्ही किती सुंदर, किती दयाळू, आता सुखानं परत जा. नानुलीच्या आईनं ते नानुलीच्या उशाशी म्हटलं होतं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी आठ वर्षांची होते तेव्हा माझ्या धाकट्या भावाला देवी आल्या. आमच्याकडे कुणी "आजार" म्हटलं नाही. "बाई आल्यात" म्हणायचे. फोडणी बंद, दाराला कडुलिंब, आवाज चढवायचा नाही. आणि माझी आई रोज सकाळी त्या चार वर्षांच्या पोराच्या पाया पडायची. भाऊ वाचला. पुढे तलाठी झाला आणि सगळा तालुका त्याच्या पाया पडायला लागला, पण ते वेगळं.

मी लियाला हे सगळं सांगितलं. तिनं नानुलीला सांगितलं. नानुलीनं पेला खाली ठेवला आणि माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ बोलली.

"ती म्हणते," लिया म्हणाली, "गाण्यात बानी खाली जाते ना, तिथे आई वाकते. तुझी आई वाकायची तशी. तू वाकली नाहीस तर पाहुणे कसे जातील?"

यावर माझ्याकडे शास्त्र नव्हतं. टेबलाशीच बसून आम्ही तिघींनी ते गाणं म्हटलं. त्या जागी आले. सूर सोडला, एक पायरी खाली पाय टाकला. पडले नाही. नानुलीनं चापट मारायला उचललेला हात तसाच मागे घेतला.

रविवार, मेळावा

मेळावा गावातल्या एका मोठ्या हॉलमध्ये होता. बाहेर चीजचे ताजे गोळे विकत होते, ते दाताखाली रबरासारखे कुईकुई वाजतात आणि लोक त्यावर खूश असतात. आमच्या आधी लाल गालांचे आजोबा ॲकॉर्डियनवर पोल्का वाजवत होते, आमच्यानंतर चांदीचे दागिने घातलेल्या, मूळच्या लाओसकडच्या हमोंग मुली होत्या. मला मनानाचा काळा पायघोळ झगा दिला. तो उंचीला वीतभर जास्त आणि कमरेला वीतभर कमी होता. नानुलीनं पाठीमागे चार सेफ्टी पिना मारल्या आणि श्वास घ्यायची मनाई केली. लिया म्हणाली, घे श्वास, पिना तुटल्या तरी चालतील.

माझे हात रिकामे होते. टाळ नव्हता, काहीच नव्हतं. स्टेजवर उभी राहिले तर हात कुठे ठेवायचे ते कळेना. खरं सांगते, त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. समोर तीन-चारशे माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसली होती आणि बाजूला आमची ईरा हात उचलून, खांदे स्थिर ठेवून सुरुवातीची वाट पाहत होती.

नानुलीनं सूर दिला. मी माझा 'ओ' लावला. वरून त्या दोघी आल्या, पोरी सरकायला लागल्या, आणि मी डोळे मिटले. वाकायच्या जागेवर वाकले, परत आले. दुसऱ्यांदा वाकले, परत आले. काय सांगू, असं सुख मला कधी झालं नव्हतं! दोन माणसं माझ्या आवाजावर उभी होती. मी श्वास भरला आणि सूर अजून रुंद केला.

आणि मग हॉलमध्ये फार शांतता वाटायला लागली. डोळे उघडले. नानुलीचं तोंड बंद, लियाचं तोंड बंद. पोरी जागच्या जागी थांबलेल्या. गाणं केव्हाच संपलं होतं. मी चालूच होते.

माझी चूक मिरजेच्याच माणसाच्या हातून व्हावी अशी. तंबोरा गाणं संपलं म्हणून थांबत नसतो. गवई थांबतो, घोट पाणी पितो, दाद घेतो, तंबोरा आपला मागे चालूच. मला थांबायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनाही ते सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तीन-चारशे माणसं माझा एकटीचा आवाज ऐकत होती. ज्याला बावीस वर्षं ओठांच्या आत ठेवलं तो तिथे उघडा उभा होता. ईरा आ वासून बघत होती. थांबावं तर चूक झाली हे सगळ्यांना कळणार, न थांबावं तर श्वास किती पुरणार! मी आवाज आवरता घेणार तोच नानुलीची माझ्याकडे नजर गेली. तिनं डोळे मिटले आणि वरून पुन्हा गाणं सुरू केलं. लिया तिच्या मागोमाग आली. पोरींना कळेना, पण ईरानं पाऊल टाकलं आणि तिच्यामागून सगळी रांग पुन्हा सरकायला लागली. या खेपेला वाकायची जागा आली तेव्हा मी नुसता सूर खाली नेला नाही, अंगानंही वाकले. एक पीन तुटली. शेवट आला तसं नानुलीनं माझं मनगट घट्ट दाबलं, की बाई, आता पुरे.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं असंच असतं. उतरल्यावर टोपी घातलेले एक आजोबा येऊन म्हणाले, एवढा खालचा सूर मी चर्चमधल्या ऑर्गनमध्ये सोडून कुठे ऐकला नाही. जॉर्जियातलं तुमचं गाव कोणतं?

"मिरज," मी म्हटलं.

"सुंदर असेल," ते म्हणाले.

मी नानुलीपुढे हात जोडले. "चुकले. संपलेलं कळलं नाही."

तिनं उत्तर दिलं आणि लिया हसायला लागली. "ती म्हणते, चुकली नाहीस. पाहुणे दारात रेंगाळले होते. आता गेले."

सोमवार, नेपरव्हिल

दुपारी तीनला घरी पोचलो. निखिल सुट्टी असूनही ऑफिसात गेला होता, मृणाल सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तीन दिवस ती झोपली नव्हती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. ईरानं बूट काढायच्या आत सगळं सांगितलं. "मॉम, आजीनं सोलो केलं! एव्हरीबडी स्टॉप्ड अँड शी जस्ट केप्ट गोइंग!" आणि जिन्यावरून धाडधाड वर गेली.

मृणाल माझ्याकडे बघत राहिली. "आई, तू गायलीस?"

"गाणं कसलं, एकच सूर. दोन म्हण."

"मी तुझं गाणं ऐकलेलंच नाहीये. कधीच." तिनं लॅपटॉपवरचे हात काढले. "मला अंगाईसुद्धा आजीच म्हणायची. तू का नाही म्हटलीस?"

माझ्या शिफ्ट असायच्या असं मी म्हणायला गेले. नेहमीचं उत्तर, तोंडावर तयार होतं. पण तीन दिवस खरा सूर लावल्यावर खोटं बोलवेना. म्हटलं, "तू बारा दिवसांची होतीस. मी पाळण्याशी बसून म्हणायला लागले, तर तुझ्या आजी धावत आल्या. म्हणाल्या, तू नको गाऊ बाई, पोर दचकेल. मी म्हणते."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. मलाही वाटलं, दचकेल."

लॅपटॉपवर काहीतरी हळूहळू भरत जाणारी निळी पट्टी होती, तिच्याकडे मृणालनं पाहिलं. मग लॅपटॉप टीपॉयवर ठेवला आणि आडवी होऊन डोकं माझ्या मांडीवर टाकलं. सदतीस वर्षांची घोडी!

"बिल्ड चालू आहे. अर्धा तास लागेल. आता म्हण."

"अगं, हे अर्धंसुद्धा गाणं नाही. वरच्या दोघी लियाच्या घरी आहेत."

"तुझं आहे तेवढं म्हण."

मी घसा साफ केला. 'ओ' लावला. एकटा तो सूर काही गाणं नव्हतं, जात्याच्या घरघरीसारखा वाटत होता. वाकायची जागा आली तशी एक पायरी खाली उतरले आणि परत वर आले. तिच्या खांद्याला माझा हात लागला होता, तो खांदा आधी दगडासारखा कडक होता, मग सैल पडला. खाली पाहिलं तर तोंड किंचित उघडं टाकून मृणाल गाढ झोपली होती.

टीपॉयवर लॅपटॉप टिंग वाजला, तिचं ते बिल्ड झालं असावं. मी एका हातानं त्याचं झाकण लावलं, श्वास घेतला आणि पुन्हा खालून सुरुवात केली.